जमीन कोणीं घडविली?

सरकारी दप्तरांत जमिनीची किंमत आण्यांत मांडण्याची रीत आपणां सर्वांस ऐकून ठाऊक आहे. सातबाऱ्यावर जो 'आकार' आजहि लिहिलेला आढळतो, त्याचें मूळ इ. स. १८४७ च्या सुमारास विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन ह्या तिघां अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्यासाठीं बांधून दिलेल्या प्रतबंदीच्या नियमांत आहे. नियम मोठे सुटसुटीत होते. शेतांत ठिकठिकाणीं खड्डे घ्यावयाचे, मातीचा रंग व पोत पाहावयाचा, आणि खोली हातांनीं मोजावयाची. बारीक, एकसारख्या पोताची काळी माती पावणेदोन हात भरली कीं ती सोळा आणे. खोली कमी झाली कीं आणे कमी. चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, पाणी उपळणें असा एखादा दोष दिसला कीं प्रत एक पायरी खालीं.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांतच गेलें. ज्यांनीं ही पद्धति बसविली ते लोक कसबी होते ह्यांत संशय नाहीं. माळ व काळी ह्यांत त्यांनीं केलेला भेद अजूनहि बहुतेक ठिकाणीं खरा उतरतो. परंतु त्या पद्धतीच्या पोटांत एक समजूत होती. ती अशी कीं, जमीन ही एकदां ठरून गेलेली वस्तु आहे. पीक येतें आणि जातें. जमीन आहे तेथेंच व आहे तशीच. ह्या समजुतीविषयीं माझ्या मनांत पहिली शंका आली ती एका पंचनाम्याच्या वेळीं.

अतिवृष्टीनें झालेल्या नुकसानीचा तो पंचनामा होता. एकाच भूमापन क्रमांकाचे दोन पोटहिस्से, दोघां सख्ख्या भावांच्या नांवावर. पुस्तकांत दोन्हींची प्रत एक, खोली एक, दोष एक. पाऊस उघडून दीड दिवस झाला होता. थोरल्याच्या वाटणींत पाणी अजून घोट्याइतकें उभें होतें, व कपाशी पिवळी पडून माना टाकूं लागली होती. मधला बांध ओलांडून धाकट्याच्या रानांत पाऊल टाकलें तों माती ओली आणि मऊ, पण साचलेलें पाणी कोठें नाहीं. थोरला बांधावर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, बापाची जमीन एकच. त्याच्या वाटणीची जिती हाय, माझ्या वाटणीची मेली."

धाकट्याकडे चार जनावरें होतीं, उकिरडा होता, आणि कपाशींत तो दर वर्षीं तुरीच्या ओळी धरीत असे. थोरल्यानें बैल विकून पंधरा वर्षें झालीं होतीं. पऱ्हाट्या व पाचोळा तो बांधावरच पेटवून देई. पंचनाम्याच्या नमुन्यांत 'जमीन मेली' असें लिहिण्यास रकाना नसतो. मीं 'पाणी साचून नुकसान' असें लिहिलें व पुढच्या शेताकडे वळलों. पण तें वाक्य मनांतून गेलें नाहीं. जी वस्तु मरते ती कधीं काळीं जिवंत असली पाहिजे. मग तिला जीव दिला कोणीं?

ह्याचें उत्तर शोधण्यास थोडें मागें जावें लागतें. देशावरील काळी जमीन ज्या खडकाची झाली, तो खडक सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचा आहे. थरावर थर पसरत गेले. आजहि सुमारे पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनीं व्यापलेला आहे, व सह्याद्रीच्या बाजूस त्यांची एकंदर जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. हा खडक थंड झाला त्या दिवशीं त्यावर ज्वारीचा दाणा टाकला असता तर कोंभ फुटून वाळून गेला असता. खडकांत चुना आहे, लोह आहे, मॅग्नेशियम आहे. पण सर्व कुलपांत. किल्ली कोणाजवळ आहे हें पाहण्यास आपल्या हद्दीच्या दगडाकडे पाहिलें तरी पुरे. जुन्या दगडावर राखी-हिरवट पापुद्रे चढलेले असतात. आपल्या घरांत मसाल्यांत जें दगडफूल पडतें, त्याच्याच गोतांतले हे पापुद्रे. दगडफूल म्हणजे एक वनस्पति नव्हे. बुरशी व शैवाल ह्या दोघांचा तो एकत्र संसार आहे. शैवाल उन्हांत अन्न तयार करतें. बुरशी ओल धरून ठेवते व आपल्या आम्लानें दगड हळूहळू कुरतडते. त्या चिमूटभर भुकटींत पुढें शेवाळ येतें, मग गवत, मग झुडुपें. बोटभर माती होण्यास अशा रीतीनें शेंकडों वर्षें जातात.

मुळांचें काम ह्याहून मोठें आहे. मूळ श्वास टाकतें, मातींतील जंतु श्वास टाकतात, व त्यांतून कर्बाम्लवायु बाहेर पडतो. ह्यासच हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात. मातीच्या पोकळींतील हवेंत हा वायु वरच्या मोकळ्या हवेच्या मानानें दहापट, कधीं शंभरपटहि असतो. पाण्यांत विरला कीं त्याचें सौम्य आम्ल बनतें. सोडावॉटर पितांना जिभेला जें चरचरतें तेंच. ह्या आम्लानें खडकांतील चुना सुटतो व उरलेल्या भागाची चिकणमाती होते. आपल्या खडकाची चिकणमाती ओलीनें फुगते व उन्हानें आकसते. चैत्र-वैशाखांत भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ढासळते, पावसाळ्यांत भेगा मिटतात, आणि जमीन आपली आपणच खालवर होत राहते.

आतां सुटलेल्या चुन्याचें काय होतें? पाऊस भरपूर असेल तर तो नद्यांवाटे समुद्रास मिळतो. पाऊस बेताचा असेल तर तो खालच्या थरांत त्याच कर्बाम्लवायूशीं पुन्हा जुळून खडे धरतो. हीच आपली चुनखडी. प्रतबंदीच्या पुस्तकांत जी दोष म्हणून नोंदली गेली, ती नीट पाहिलें तर शेंकडों पिढ्यांच्या गवताचा व झाडांचा दगड होऊन बसलेला श्वास आहे. दोष तो दोषच. चुनखडीनें मुळांस अटकाव होतो व संत्र्या-मोसंबीचें पान पिवळें पडतें, हें बागाईतदारांस मीं सांगावयास नको. पण तिचें कूळ ठाऊक असावें.

हा व्यवहार शेतापुरता राहत नाहीं. झाडांच्या मुळांनीं खडक फुटला, त्यांतला चुना समुद्रास गेला, व तेथें शिंपल्यांच्या व चुनखडकाच्या रूपानें तळाशीं बसला, म्हणजे हवेंतील कर्बाम्लवायु तितका कमी झाला. आणि हा वायु पृथ्वीचें पांघरूण आहे. तें पातळ झालें कीं थंडी वाढते. खोल मुळांचीं झाडें पृथ्वीवर सुमारे ३८ कोटि वर्षांपूर्वीं प्रथम माजलीं. त्यानंतरच्या काळांत हवेंतील कर्बाम्लवायु पुष्कळ उतरला व एक दीर्घ हिमयुग आलें. मुळांनीं फोडलेला खडक व दलदलींत न कुजतां गाडलें गेलेलें लांकूड ह्या दोहोंचा त्यास हातभार लागला, असें शास्त्रज्ञ मानतात.

त्या हिमयुगाची खूण पाहण्यास परदेशीं जावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यांत इरई येथें चुनखडकाच्या फरशीवर हिमानें दगड घासत नेल्याचे ओरखडे आढळले आहेत, व वर त्या हिमानें आणून टाकलेल्या गोट्यांचा थर आहे. आपला भूखंड तेव्हां दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होता, हें थंडीचें दुसरें कारण. बर्फ हटल्यावर त्याच प्रदेशांत रानें वाढलीं, तीं दबलीं, आणि त्यांचाच कोळसा आज बल्लारपूर-वणीकडील खाणींतून निघतो. ज्या मुलखांत मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो, त्याच्या पोटांत खालीं बर्फाचे ओरखडे व वर जंगलाचा कोळसा! इतका जुना व इतका बिनखाडाखोडीचा कागद माझ्या नोकरींत मला कधीं पाहावयास मिळाला नाहीं.

तो कोळसा आपण आतां जाळतों. दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्लवायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नित्य मोजणी सुरू झाली तेव्हां ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० हून अधिक आहेत. झाडांनीं कोट्यवधि वर्षें जें जमा केलें तें आपण पांच-सात पिढ्यांत खर्ची घालीत आहों. मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, व येतो तो एका रात्रींत बांध फोडून जातो, अशी तक्रार अलीकडे गांवोगांव ऐकूं येते. प्रत्येक ढगफुटीचा बोल ह्या एका हिशेबावर लावूं नये हें खरें. पण तापलेल्या हवेंत अधिक वाफ मावते व ती एकदम कोसळूं शकते, एवढें पदार्थविज्ञान पक्कें आहे.

झाडांच्याहि फार पूर्वींची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. पृथ्वीच्या आरंभींच्या हवेंत प्राणवायु जवळजवळ नव्हताच. समुद्रांत विरघळलेलें लोह भरपूर होतें. अशा पाण्यांत एका जातीचे अतिसूक्ष्म, निळसर-हिरवे जीव उन्हाच्या बळावर पाणी फोडून अन्न करूं लागले, व टाकाऊ म्हणून प्राणवायु बाहेर सोडूं लागले. त्यानें समुद्रांतील लोह गंजून तळाशीं बसूं लागलें. जगांतील मोठमोठे पट्टेदार लोहखडक बहुतांशीं त्या प्राचीन काळचे आहेत, व गोमंतकांतील लोहखनिज अशाच पट्टेदार खडकांतून झालेलें आहे. सुमारे २४० कोटि वर्षांपूर्वीं प्राणवायु हवेंत सांचूं लागला. त्यापूर्वींच्या जीवांस तो विषच होता. ते चिखलांत, तळाशीं, जेथें हवा पोंचत नाहीं तेथें दडून राहिले. त्यांचे वंशज आजहि आहेत, व आपल्यांतील पुष्कळांनीं ते पाळलेहि आहेत: गोबरगॅसच्या टाकींत शेण आंबवून जळणारा वायु काढतात ते हेच. टाकींत हवा शिरूं देऊं नये असें जें सांगतात, त्याचें कारण इतकें जुनें आहे.

जेम्स लव्हलॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें लिन मार्ग्युलिस ह्या अमेरिकन विदुषीसह १९७४ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला कीं, सर्व सजीव मिळून पृथ्वीची हवा व उष्णता आपणांस सोसेल अशा बेतांत राखतात. ह्या मताचा पुष्कळ बोलबाला झाला व पुष्कळ विरोधहि झाला. माझ्या अल्प बुद्धीस विरोधकांचें म्हणणें अधिक पटतें. ज्यांनीं प्राणवायु सोडला त्यांनीं शेजाऱ्यांचें भलें पाहिलें नाहीं. आपलें पोट भरलें. त्यांतून कोणाचें घर बसलें व कोणाचें उठलें. सजीव पृथ्वीला बदलतात व बदललेली पृथ्वी सजीवांस बदलते, एवढें निर्विवाद. पण ती आपल्या सोयीचीच बदलेल ही हमी कोणी लिहून दिलेली नाहीं.

ते निळे-हिरवे जीव आपल्या शेतांतहि अजून राबतात. भातखाचरांत आषाढ-श्रावणांत पाण्यावर जो शेवाळी साका येतो त्यांत ते असतात. पी. के. डे ह्या भारतीय संशोधकानें १९३९ सालीं असें दाखवून दिलें कीं, भातशेतींत हवेंतला नत्रवायु मातींत आणण्याचें काम मुख्यतः ह्यांचें आहे. कोंकणांतील खाचरें वर्षानुवर्षें फारशा खताशिवाय थोडेंबहुत भात देत आलीं, त्यांतला एक वांटा ह्यांचा धरावा लागेल. द्विदल पिकांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. तूर, हरभरा, मूग ह्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतला नत्र धरतात, हें हेलरीगेल व विलफार्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं सिद्ध केलें. तुरीचा बेवड चांगला हें आपल्या आजे-पणजांस त्याआधींच ठाऊक होतें. त्यांना जंतूंचें नांव ठाऊक नव्हतें इतकेंच.

गांडुळाविषयीं हल्लीं इतकें लिहिलें जातें कीं मीं लांबण लावीत नाहीं. चार्ल्स डार्विननें मृत्यूच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८८१ सालीं, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दर वर्षीं दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाते असा त्याचा हिशेब होता. त्यानंतर दोनच वर्षांनीं रशियांत दोकुचायेव्ह ह्यानें तेथल्या काळ्या जमिनीवर ग्रंथ प्रसिद्ध केला व सांगितलें कीं, माती म्हणजे नुसता फुटका खडक नव्हे. खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार व काळ ह्या पांचांनीं मिळून ती घडते. विंगेटसाहेबांच्या नियमांत ह्यांपैकीं खडक व उतार आले होते. सजीवांस रकाना नव्हता.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. रशियाची काळी जमीन गवताच्या कुजलेल्या मुळांनीं काळी आहे. आपली तशी नाहीं. आपल्या मातीचा काळा रंग चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा कुजक्या द्रव्यानें व खडकांतील खनिजांनीं येतो. सेंद्रिय कर्ब तींत बहुधा शेंकडा एकाच्या आंत, व पुष्कळ ठिकाणीं अर्ध्याच्याहि खालीं असतो. म्हणून थोरल्या भावाची जमीन मेली तरी रंग उतरला नव्हता. प्रतबंदीचा कारकून पुन्हा आला असता तर त्यानें तिला पूर्वींइतकेच आणे दिले असते.

माणूसहि ह्या घडवणाऱ्यांतलाच एक आहे, व त्याचा हात फार जलद चालतो. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. कोरडवाहू मुलखांत पाणी खेळलें, ऊंस आला, घरांवर माड्या चढल्या. मग कांहीं वर्षांतच चांगल्या काळ्या शेतांवर पांढरे पापुद्रे दिसूं लागले. पाणी मुरून खालची पातळी वर चढली. त्यानें मातींतले क्षार विरघळवून आणले. ऊन पाणी घेऊन गेलें व क्षार वर ठेवून गेलें. पुणें शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांनीं १९१० सालीं नीरेच्या खारवट जमिनींची तपासणी प्रसिद्ध केली. पिकानें पाणी ओढलें, पाण्यानें माती बदलली, आणि बदललेल्या मातीनें पीक हांकलून दिलें. तीच कथा पुढें कृष्णाकांठींहि घडली आहे, व तेथील चरांची व पाइपांची कामें चालू आहेत. खारवट झालेली जमीन निचरा काढून सुधारते, पण ज्या खर्चांत ती सुधारते त्यांत पूर्वीं दुसरी विकत मिळाली असती.

उलट दिशेनें माणसाचा हात किती काळ टिकतो, ह्याचा दाखला इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें आहे. तेथील प्रयोग १८४३ पासून अखंड चालू आहेत. त्यांत जवाच्या शेताचा एक तुकडा असा आहे कीं त्यास १८५२ ते १८७१ पर्यंत दर वर्षीं शेणखत दिलें, आणि मग बंद केलें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरहि शेजारच्या कधींच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षां त्याच्या मातींत सेंद्रिय अंश अधिक भरला. मात्र आपल्या उष्ण हवेंत शेणखत तिकडच्यापेक्षां लौकर जळतें, हें ध्यानांत ठेवून आपण तितक्या वर्षांची आशा धरूं नये.

धाकट्याच्या रानांत पाणी का मुरलें, हें आतां सांगतां येईल. बुरशीचे धागे व जंतूंचा डिंक ह्यांनीं मातीचे कण रव्यासारखे बांधले जातात. रव्यांमध्यें पोकळ्या राहतात. मेलेल्या मुळांच्या व गांडुळांच्या वाटांनीं पाणी खालीं उतरतें. खाणें मिळालें नाहीं कीं हे धागे तुटतात, रवे विरतात, वरचें चिखलाचें पापुद्र पोकळ्यांचें तोंड बंद करतें. ज्यांस परीक्षा पाहावयाची असेल त्यांनीं दोन शेतांतून लिंबाएवढीं वाळलेलीं ढेकळें आणावीं, व स्वच्छ पाण्याच्या दोन कांचेच्या पेल्यांत अलगद सोडावीं. बांधावरच्या, कधीं न नांगरलेल्या गवताखालचें एक तिसरें ढेकूळहि घ्यावें. तें पाहिल्यावर आपलें शेत मूळ कसें होतें हें कळतें.

ही परीक्षा मीं त्या दोघां भावांच्या ओट्यावर, सेवानिवृत्तीनंतर एकदां मुद्दाम जाऊन करून पाहिली. थोरल्याचें ढेकूळ पाण्यांत पडतांच धूर सोडल्यासारखें विरघळलें व पेला गढूळ झाला. तो कांहीं बोलला नाहीं. दोन वर्षांनीं पुन्हा त्या वाटेनें गेलों तेव्हां त्याच्या दारांत एक गाय बांधलेली होती, व कपाशींत सहा ओळींआड तुरीची ओळ होती. त्यानें आपण होऊन पेला आणविला. ह्या खेपेस ढेकळाच्या कडा सुटल्या, पण मधला गाभा चहा होईपर्यंत उभा होता. धाकट्याचें ढेकूळ शेजारच्या पेल्यांत जसेंच्या तसें होतें, थोरल्यानें तें बोटानें ढोसून पाहिलें, आणि बायकोला म्हणाला, "पेले इथंच राहूं दे."